व्हरांड्यातल्या बॅगा

माणसाने शेवटी आपल्या मातीत परत जावं, असं सगळ्या थोर माणसांनी सांगून ठेवलं आहे. मी यावर बराच विचार केला, तेव्हा लक्षात आलं की सांगणाऱ्यांपैकी बहुतेक जण सांगून झाल्यावर आपापल्या फ्लॅटमध्येच राहिले. माझी बायको थोर नसल्यामुळे तिने ते मनावर घेतलं. तिची माती मॉरिशसमधल्या क्यूरपीप नावाच्या लहानशा शहरात आहे. ही माती बारा महिने ओली असते आणि बुटाला चिकटून घरात येते. त्यामुळे तिथे आपल्या मातीत परत जाण्यासाठी वेगळे श्रम पडत नाहीत. माती आपण होऊन येते.

बायकोचे पूर्वज कोकणातून उसाच्या मळ्यांवर काम करायला त्या बेटावर गेले आणि तिथलेच झाले. तिच्या घरी क्रिओल, म्हणजे फ्रेंचमधून निघालेली तिथली बोली, बोलत. मराठी उरली होती ती आरत्यांपुरती आणि रागावण्यापुरती. एकोणिसाव्या वर्षी ती नर्सिंग शिकायला इंग्लंडला आली. मी पुण्याहून रेल्वेच्या सिग्नलचं काम करायला आलो होतो. लंडनमधल्या ईलिंगच्या एका भाड्याच्या हॉलमध्ये, मंडळाच्या गणपतीत आमची ओळख झाली. आरत्या आणि राग यांच्या मधली सगळी मराठी ती पुढे माझ्याकडून शिकली. म्हणून तिच्या बोलण्यात भक्ती आहे, संताप आहे आणि कौन्सिल टॅक्सबद्दलची तक्रार आहे. मला ती तू म्हणते. ‘अहो’ फक्त मंडळाच्या कार्यक्रमात म्हणते, किंवा फार चिडली की.

ईलिंगमधली आमची सगळी वर्षं एका वाक्याच्या सावलीत गेली. नोव्हेंबरात चार वाजता अंधार पडला की ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहून म्हणायची, “रिटायर झालो की घरी.” मी मान हलवायचो. मान हलवण्यात आपण काही कबूल करतो आहोत, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

मग ती वॉर्ड सिस्टर म्हणून रिटायर झाली, मीही झालो. त्याच्या आदल्या वर्षी तिची आई गेली होती. क्यूरपीपचं घर बंद पडलं. तिचा धाकटा भाऊ तिकडेच, समुद्रकाठच्या उन्हाच्या गावात राहतो. त्याने फोनवर सरळ विचारलं, “ताई, तू राहणार असशील तर घर तुझं. नसशील तर मी ते भाड्याने देऊन टाकतो. बंद घर तिथे वर्षभरात कुजतं.”

आम्ही ठरवलं की ऑक्टोबर ते एप्रिल तिथे राहून बघायचं. ईलिंगचं घर एजंटमार्फत एका तरुण जोडप्याला सहा महिन्यांसाठी दिलं. त्यांना पुढेही राहायचं होतं, म्हणून पाचवा महिना संपायच्या आत आम्ही काय ते कळवायचं होतं. येणार की नाही? निर्णय बायकोने घ्यायचा आणि मी त्यात तोंड घालायचं नाही, असं विमानातच ठरलं. मी शब्द दिला. तोंड न घालण्याचा शब्द पुणेकराने दिला, तर समोरच्याने सावध व्हायला हवं. पण ती पुण्यात कधी राहिली नव्हती.

क्यूरपीप बेटाच्या मधोमध, उंच पठारावर आहे. मॉरिशसची मी पाहिलेली सगळी पोस्टकार्डं तिथून खाली, समुद्रकाठी काढलेली होती. खाली लोक चड्डीवर फिरतात, वर स्वेटर घालतात. तिथला पाऊस गडगडाट करून येत नाही. सरकारी कचेरीत कारकून येतो तसा येतो. रोज येतो, स्वतः फारसं काही करत नाही, आणि त्याच्यामुळे बाकी कोणाला काही करता येत नाही. बांबूची कुंपणं ठिबकत असतात, पत्रे वाजत असतात, रस्त्यावर छत्र्या एकमेकींना वाट देतात. पाच वाजले की दुकानांची शटरं ओढली जातात आणि गाव असं गप्प होतं, जणू कोणीतरी आजारी आहे.

प्रत्येक घराच्या प्रत्येक कपाटात एक बल्ब असतो. तो रात्रंदिवस चालू ठेवायचा, म्हणजे कपड्यांना बुरशी येत नाही. मी आयुष्यभर रिकाम्या खोल्यांतले दिवे मालवत आलेला माणूस. पहिल्या आठवड्यात जाता-येता कपाटं उघडून ते बल्ब बंद केले. दहाव्या दिवशी माझ्या चांगल्या कोटावर हिरवट मखमल उगवली.

“हे तुझं काम,” बायको म्हणाली.

“वीज वाचवत होतो.”

“कोट वाचवायचा होता.”

सकाळी मी गावाजवळच्या ज्वालामुखीच्या विवराकडे चालायला जायचो. ज्वालामुखी कधीच विझलेला आहे. विवराभोवती गोल रस्ता आहे, पाइनची झाडं आहेत, आणि गावातले निवृत्त लोक त्यावर फेऱ्या मारतात. मी गेलो की धुकं असायचं. आत विवर आहे यावर विश्वास ठेवून मी दोन फेऱ्या मारून परत यायचो. परत येईपर्यंत साडेसात वाजलेले असत आणि पुढे अख्खा दिवस पडलेला असे. व्हरांडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अकरा पावलांचा होता. हे मला माहीत आहे, यावरूनच मी काय करत होतो ते कळेल.

वाचायला पुस्तकं नेली होती, पण ओलाव्याने त्यांची पानं फुगली आणि पुस्तकं मिटेनाशी झाली. मी फोनवर लंडनचं हवामान बघायचो. तिथे नसलो की तिथल्या चार अंश तापमानातही काहीतरी गोडवा वाटतो. ईलिंगच्या कौन्सिलचा दर आठवड्याला ईमेल येई, उद्या कचऱ्याचा कुठला डबा बाहेर ठेवायचा याची आठवण करून देणारा. मी तो बंद करू शकलो असतो. केला नाही. “उद्या निळा डबा,” असं मी एकदा चहा पिता पिता मोठ्याने वाचलं. बायकोने कप खाली ठेवला.

“तुला तिथे जाऊन डबा ठेवायचा आहे का?”

“नाही. फक्त माहिती सांगितली.”

“मी तुला काही विचारलं का?”

मी तोंड घालत नव्हतो, याची इथे नोंद व्हावी.

पण चैन तिलाही नव्हतं. अर्ली शिफ्टच्या सवयीने ती पहाटे साडेपाचला उठायची, अंघोळ करून तयार व्हायची, आणि मग कुठेच जायचं नसायचं. तिने आईची भांडी तीनदा घासून पुन्हा मांडली. बाजारात जायची तेव्हा छाती पुढे काढून जायची, आपल्या गावात चाललेल्या माणसासारखी. परत यायची ती जरा गप्प. भाजीवालीने तिला विचारलं होतं, हॉटेल कुठलं? पावाच्या दुकानातली मुलगी तिच्याशी इंग्रजीत बोलू लागली होती. एकदा रस्त्यात कोणा वाटसरूला तिने मोठ्या उत्साहाने पत्ता सांगितला, “थिएटरच्या डाव्या हाताला वळा.” तो माणूस थोडा वेळ बघत राहिला. थिएटर पाडून बरीच वर्षं झाली होती. हे तिने मला सांगितलं नाही. तिच्या भावाने सांगितलं आणि बजावलं की तिला बोलू नकोस.

तिला तिथे राहायचं होतं, यात मला शंका नाही. राहायचं ठरवणं आणि राहणं यांच्या मध्ये ती येरझाऱ्या घालत होती. मी निदान व्हरांड्यात घालत होतो.

चौथ्या महिन्यात तिथल्या मराठी समाजाचा वार्षिक मेळावा झाला. मी जगात जिथे जिथे मराठी माणसं पाहिली आहेत, तिथे तिथे त्यांनी एक अध्यक्ष, दोन उपाध्यक्ष आणि एक समई जवळ बाळगलेली आहे. इथेही तसंच होतं. प्रमुख पाहुणे पाऊण तास उशिरा आले. त्यांच्यासाठी हार होते, हारांसाठी तबक होतं, तबकासाठी एक बाई होती. समईची वात दमट झाल्यामुळे पेटेना. पाच मान्यवरांनी आळीपाळीने काडी लावली, प्रत्येक वेळी टाळ्या झाल्या, आणि शेवटी सभागृहाच्या रखवालदाराने खिशातल्या लायटरने ती पेटवली. त्याला टाळ्या मिळाल्या नाहीत. मातृभाषेच्या महतीवर तीन भाषणं झाली. बोलणारे कागद बघून मराठीत बोलले, ऐकणारे सौजन्याने ऐकत राहिले, आणि चहाला सुटी झाल्याबरोबर सगळे क्रिओलमध्ये हसू-बोलू लागले.

या सभागृहात बायको लहानपणी जाखडीच्या नाचात नाचली होती. ती तिसऱ्या रांगेत गल्लीतल्या बायकांबरोबर बसली होती, पाय आखडून, पिशवी मांडीवर घेऊन, अगदी त्यांच्यातलीच. तेवढ्यात माइकवरून घोषणा झाली की लंडनहून खास आलेल्या आपल्या पाहुण्या आणि त्यांचे विद्वान यजमान यांचा सत्कार होणार आहे. मी विद्वान कशावरून, हे कोणी विचारलं नाही, म्हणून मीही नाही विचारलं. आम्हाला वर बोलावलं. शाल दिली. शेजारच्या बायका खालून टाळ्या वाजवत होत्या. बायकोने हात जोडले, हसली. वॉर्डमध्ये इन्स्पेक्शनला येणाऱ्या लोकांकडे पाहून ती जशी हसायची, तशी.

घरी चालत येताना आम्ही एका छत्रीत होतो.

“पाहुण्या कोण?” ती म्हणाली.

“तसं म्हणायची पद्धत असते.”

“माझं घर इथून सात मिनिटांवर आहे.”

“म्हणून तर गाडीने सोडू का विचारत होते. सात मिनिटांसाठी पाहुण्यांनाच विचारतात.”

हे बोलायची गरज नव्हती. तिने छत्रीचा दांडा माझ्या हातात दिला आणि उरलेली पाच मिनिटं भिजत चालली.

पाचवा महिना सुरू झाला. एजंटची ईमेल आली. आपल्या प्रॉपर्टी-प्रवासाच्या पुढच्या टप्प्यात आम्ही आपल्यासोबत चालण्यास उत्सुक आहोत, वगैरे. अर्थ एवढाच की महिनाअखेरीपर्यंत कळवा. बायकोने ईमेल वाचली आणि फोन उलटा करून ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचली. तिसऱ्या दिवशी तिने आईच्या खोलीच्या भिंतींसाठी रंगाचे नमुने आणले आणि त्यातला एक निवडला, फिकट पिवळा. म्हणजे झालंच, असं मी मनाशी म्हटलं. त्या दिवशी मी विवराला तीन फेऱ्या मारल्या.

आता बॅगांची गोष्ट. आमच्या दोन मोठ्या सूटकेस कपाटांच्या वर ठेवलेल्या होत्या. त्यांना बुरशी आली होती. मी त्या खाली काढल्या, ओल्या फडक्याने पुसल्या, आणि गुरुवारी सकाळी जरा उघडीप होती म्हणून झाकणं उघडी टाकून व्हरांड्यात ठेवल्या. इतकंच केलं. बुरशी खरीच होती. पण ती तीन महिने होती, आणि तीन महिन्यांत मला तिचा त्रास झाला नव्हता. त्याच गुरुवारी का झाला, हे मला नीट सांगता येणार नाही. म्हणजे येईल, पण सांगणार नाही.

बायको भावाकडे गेली होती. ती दुपारी परत आली, बॅगा पाहिल्या.

“हे काय?”

“बुरशी.”

ती आत गेली. तिने बॅगा आत घ्यायला सांगितल्या नाहीत, मीही घेतल्या नाहीत. तीन दिवस त्या व्हरांड्यात होत्या. आमच्या गल्लीत रस्त्यावरून जाणारा प्रत्येक माणूस व्हरांड्यात बघतो. कारण बघण्यासारखं दुसरं काही नाही.

शेजारच्या घरात एक खूप म्हाताऱ्या बाई राहतात. सगळी गल्ली त्यांना मातांत म्हणते. तिकडे मावशीला तसं म्हणतात. त्या दिवसभर दारात खुर्ची टाकून बसतात आणि गल्लीचा कारभार बघतात. बायकोच्या आईची आणि त्यांची पन्नासेक वर्षांची शेजारओळख. रविवारी सकाळी दहाच्या सुमारास मातांत सुनेच्या हाताला धरून आमच्या पायऱ्या चढल्या. सुनेच्या दुसऱ्या हातात ताट होतं. ताटात तांदूळ, नारळ, सुपारी, हळदकुंकवाच्या कुयऱ्या आणि घडी घातलेला ब्लाउजपीस.

कुठलाही मराठी माणूस ते ताट ओळखेल. माहेरी आलेली मुलगी सासरी परत निघाली की तिची ओटी भरतात. कोकणातून निघालेल्या माणसांची भाषा गेली, आडनावांची स्पेलिंगं ओळखू येईनाशी झाली, पण हे ताट सगळे समुद्र ओलांडून शाबूत पोचलं होतं.

त्यांचं सगळं बोलणं क्रिओलमध्ये झालं. मला तोवर ते कामापुरतं कळू लागलं होतं, राहिलेलं बायकोने नंतर सांगितलं.

“बस पोरी, पाटावर बस,” मातांत म्हणाल्या. “खुर्ची मला दे.”

“कशाला, मातांत?”

“कशाला काय! बॅगा दिसतात मला. डोळे अजून आहेत.”

“आम्ही जात नाही आहोत,” बायको म्हणाली. “त्या नुसत्या वाळत घातल्यात.”

मातांत सुनेकडे बघून हसल्या. “हिची आई सांगायची, ही प्रत्येक वेळी असंच म्हणते. जात नाही, जात नाही, आणि मग विमानतळावर रडते.”

“नाही, खरंच—”

“जाणारा माणूस नाहीच म्हणतो. बस.”

मी पुढे होऊन इंग्रजीत समजावून सांगितलं की बॅगांना फंगस झाला होता. सून म्हणाली, “हो अंकल, सगळ्यांच्याच बॅगांना होतो. आम्ही काढत नाही.”

मग मातांत जे बोलल्या त्यानंतर बायको मुकाट्याने पाटावर बसली. त्या म्हणाल्या, “इतकी वर्षं तुझी आई भरायची. आता ती नाही, तर ही मुलगी रिकाम्या ओटीने जाणार का, असं आम्ही तू आलीस त्या दिवसापासून बोलतोय. तुझी भावजय ख्रिश्चन, तिला माहीत नाही. मग ठरवलं की गल्लीने भरायची.”

म्हणजे तू आलीस त्याच दिवशी तुझ्या जाण्याची तयारी सुरू झाली. हे त्या बोलल्या नाहीत, पण बायकोच्या मानेकडे बघून मला कळलं की तिने ते ऐकलं.

मातांतचे यजमान नाहीत, म्हणून त्यांनी स्वतः ओटी भरली नाही. त्या खुर्चीत बसून दिग्दर्शन करत होत्या. पदर नीट पसर. तांदूळ ओंजळीने घाल, मुठीने नको. नारळाची शेंडी तिच्याकडे. बायकोने त्या दिवशी जीन्स घातली होती, त्यामुळे पदर म्हणून आईची एक जुनी ओढणी आणावी लागली. सुनेने कुंकू लावलं. बायकोने वाकून मातांतना नमस्कार केला. मातांतनी तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि एकच मराठी वाक्य म्हणाल्या, जे त्यांनी त्यांच्या आईकडून ऐकलं असेल: “सुखाने जा हो बाय.”

त्या गेल्या. आम्ही एकमेकांकडे बघेपर्यंत समोरच्या शिंप्याची बायको ताट घेऊन आली. तिच्या मागोमाग शाळेतल्या बाई. दुपारी दोन बहिणी आल्या, ज्यांना बायको लहानपणी वेण्या घालून द्यायची. त्यांचेही केस आता पिकलेले. पाऊस लागला, तशी ताटांवर छत्र्या धरून बायका येत राहिल्या. प्रत्येकीला बायको पहिल्यांदा सांगायची की आम्ही जात नाही आहोत. शिंप्याच्या बायकोला तिने हे तीनदा सांगितलं. शाळेच्या बाईंना एकदा. दोघी बहिणींना सांगितलंच नाही. त्यांनी विचारलं, “आता परत कधी?” तर ती म्हणाली, “बघू, पुढच्या वर्षी.”

मी दारात छत्र्या झटकून घेत होतो. माझ्या हातून एक छत्री पडली.

संध्याकाळी टेबलावर नऊ नारळ होते. पाऊस थांबला नव्हता. बायको आईच्या खोलीत पलंगावर बसली होती. भिंतीवर रंगाचा नमुना चिकटवलेला होता, फिकट पिवळा, हाताच्या पंजाएवढा.

“एजंटला लिही,” ती म्हणाली.

“काय लिहू?”

“येतोय म्हणून लिही.”

मी दारातच उभा राहिलो. जे मला पाच महिने हवं होतं ते मिळालं होतं, आणि त्याचं काय करायचं ते मला सुचेना.

“त्यांना समजावून सांगता येईल,” मी म्हणालो. “मी उद्या मातांतकडे जातो. गैरसमज झाला म्हणून सांगतो. चूक माझीच आहे.”

“काय सांगशील? की त्यांनी एवढ्या पावसात येऊन ओटी भरली, ती परत घ्या?”

“तसं नाही.”

“इतका चांगला निरोप दिलाय त्यांनी. आता राहिले तर अपमान होईल.” ती हसली, मग थांबली. “इथे राहणाऱ्या बाईची अशी कोणी ओटी भरत नाही. मला आधी कळायला हवं होतं. त्या मेळाव्यातच कळायला हवं होतं.”

“प्रेमाने केलं त्यांनी.”

“मला माहीत आहे प्रेमाने केलं. वैतागून केलं असतं तर मी भांडून राहिले असते.”

थोड्या वेळाने ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “आणि बुरशी, अहो?”

“बुरशी होती,” मी म्हणालो.

“होती ना. मी पण बघत होते तीन महिने.” ती उठून आत गेली. तीन दिवस बॅगा व्हरांड्यात का राहू दिल्या, हे मी तिला विचारलं नाही. तिने मला जेवढं विचारलं त्यापेक्षा जास्त विचारण्याचा मला अधिकार नव्हता.

एजंटला मी रात्री लिहिलं नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी लिहिलं. तिचं मन बदललं तर बदलू द्यावं, म्हणून. बदललं नाही. सकाळी साडेपाचला ती उठली ती नारळ फोडायलाच. पुढचे दोन दिवस घरात खोवणी चालू होती. मी खोवलं, तिने साखर आटवली. नऊ नारळांच्या वड्या झाल्या, त्या डब्यांत भरून ज्या घरांतून नारळ आले त्याच घरांत ती देऊन आली. मातांत म्हणाल्या, वड्या जरा कडक झाल्यात, पण विमानात टिकतील. त्यांना वाटलं, आम्ही त्या बरोबर नेणार आहोत आणि या चवीपुरत्या दिल्यात.

भावाला तिने फोन करून घर देऊन टाकायला सांगितलं. तो म्हणाला, “ताई, तुझी खोली ठेवू का? एक खोली ठेवता येईल.” ती म्हणाली, “एका खोलीतही बुरशी येते रे.” फोन ठेवल्यावर तिने पिवळा नमुना भिंतीवरून सोलून काढला. त्याबरोबर जुन्या रंगाचा एक पोपडाही निघाला. तो तिने खिशात ठेवला की टाकला, मी बघितलं नाही.

शेवटचे पंधरा दिवस ती फार आनंदात होती, हे लिहायला मला कठीण जातं. पण होती. जायची तारीख ठरल्यावर गावाने तिला पुन्हा आपलं म्हटलं. भाजीवालीने ओळख दाखवली, पावाच्या दुकानातली मुलगी क्रिओलमध्ये बोलली, लोक रस्त्यात थांबवून विचारत, “निघालीस का?” आणि ती सांगत असे, “हो ना, निघाले.” हे वाक्य तिला सफाईने येत होतं. चाळीस वर्षांचा सराव होता. राहायचं वाक्य तिला कोणी कधी शिकवलं नव्हतं, आणि ते शिकायला पाच महिने पुरले नाहीत.

माझं उलटं झालं. माझा जीव तिथे शेवटी शेवटी रमू लागला. एका सकाळी धुकं हटलं आणि मला विवर दिसलं. तळाशी हिरवं डबकं होतं. मी बराच वेळ कठड्याला टेकून उभा राहिलो. आता जायचंच आहे म्हटल्यावर माणसाला कुठेही राहता येतं. ही गोष्ट मला आधी कळली असती, तर मी बॅगा कपाटावरच ठेवल्या असत्या. असं मी तिला म्हणालो. ती म्हणाली, “उगाच.”

विमानतळावर ती रडली नाही. आतापर्यंत प्रत्येक वेळी रडली होती. ज्या माणसासाठी रडायचं ते माणूस काचेपलीकडे उभं नव्हतं. भाऊ होता. तो रडला.

आम्ही हीथ्रोला पहाटे उतरलो. हाउन्सलोवरून टॅक्सी येत असताना बायको खिडकीबाहेर बघत होती. ओळीने घरं, ओळीने डबे, बसस्टॉपवर शिफ्टला निघालेली, जॅकेटं घातलेली माणसं. कोणीच एकमेकांच्या व्हरांड्यात बघत नव्हतं, व्हरांडेच नव्हते. घराच्या दाराशी मी किल्ली काढली, तर ती म्हणाली, “थांब, मी उघडते.” मी बाजूला झालो. शेजारचे गृहस्थ कुत्र्याला घेऊन निघाले होते. त्यांनी हात वर केला आणि विचारलं, सुट्टी कशी झाली? बायको म्हणाली, “छान झाली.” मग तिने दार उघडलं आणि उंबऱ्यापाशी क्षणभर उभी राहिली. मला वाटलं, आता ती काहीतरी बोलेल. इतक्या वर्षांनंतर, इतकं सगळं झाल्यावर, या घरात पाऊल टाकताना माणूस काहीतरी बोलतंच.

“घर गार का आहे?” ती म्हणाली.

घर गरम ठेवणारा बॉयलर बंद पडला होता. एजंटला फोन केला. दुरुस्तीचा माणूस गुरुवारी येणार होता, सकाळी आठ ते दुपारी एकच्या दरम्यान.